गावच्या मैदानावर सॉफ्टबॉल: वेळ कशी बांधायची, वाद कसे मिटवायचे

विदर्भातल्या खेड्यांत सॉफ्टबॉल बहुतेक शाळेतून येतो. शालेय स्पर्धा खेळलेली पोरं-पोरी शाळा सुटली तरी खेळ सोडत नाहीत. मग एखाद्या रविवारी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर, नाहीतर सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात, दोन गावांची मॅच लागते. स्पर्धेत नेमलेले पंच असतात, तक्रार ऐकणारी समिती असते. इथं पंच म्हणून कोणाचे तरी मामा उभे असतात आणि निम्मे खेळाडू क्रिकेटचे नियम डोक्यात घेऊन आलेले असतात. वाद होतोच. वाईट याचं वाटतं की अशा एका वादापायी दोन गावांच्या मॅचेस वर्षभर बंद पडतात, आणि नुकती बॅट धरायला शिकलेली पोरं घरी बसतात.

नव्यानं मॅच भरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की यातली बहुतेक भांडणं पहिला चेंडू पडण्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत टाळता येतात. त्या वेळात काय काय ठरवून घ्यायचं ते आधी सांगतो, कारण खरं काम तिथंच आहे.

पहिलं काम: वेळेचा नियम

नियमपुस्तकातला सामना ७ इनिंगचा असतो; एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा, तीन आऊट होईपर्यंत बॅटिंग करतात. गावात तो तसा पुरा होणं अवघड. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, नवखे असले की बॉलवर बॉल (योग्य पट्ट्याबाहेर पडलेले, बॅटरनं न खेळलेले चेंडू) पडतात, चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर (चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यावर) जातो, असे चार-चार जण जातात आणि एकच इनिंग अर्धा तास खाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर पोरांना मैदानात ठेवू नये. डिसेंबरात नागपूर-वर्ध्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडतो, बुलढाण्याकडे त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी. आणि पाहुण्या संघाला गावची शेवटची एसटी गाठायची असते. म्हणून वेळेची मर्यादा लागते. ७५ किंवा ९० मिनिटं ही मनोरंजनाच्या मॅचला पुरेशी आहेत.

पण "दीड तास खेळू" एवढंच बोलून थांबलात, तर भांडणाचं बी तिथंच पेरलं जातं. दीड तास झाला की नेमकं काय होणार, हे दोन्ही कप्तानांसमोर मोठ्यानं बोला. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत म्हणजे "वेळ संपल्यावर नवी इनिंग नाही". चालू असलेली इनिंग पूर्ण खेळायची, पुढची सुरू करायची नाही. यात दोन्ही संघांना सारख्याच बाऱ्या मिळतात, म्हणून जमेल तिथं हीच घ्या. दुसरी रीत म्हणजे "घड्याळ वाजलं की तिथंच बंद". अंधार पडणार असेल किंवा एसटीची वेळ पक्की असेल, तेव्हाच ही घ्यावी.

पहिल्या रीतीत एक जागा अशी आहे जिथं हमखास वाद होतो. नवी इनिंग सुरू कधी झाली? बरेच जण म्हणतात, पिचरनं पहिला चेंडू टाकला तेव्हा. वेळेच्या मॅचमध्ये मात्र रीत अशी आहे की आधीच्या इनिंगचा शेवटचा, म्हणजे दुसऱ्या संघाचा तिसरा आऊट झाला, त्याच क्षणी पुढची इनिंग सुरू झाली असं धरतात. समजा वेळ ९ वाजता संपते. तिसरा आऊट ८ वाजून ५९ मिनिटांनी झाला, बाजू बदलायला तीन मिनिटं लागली आणि बॅटर ९ वाजून २ मिनिटांनी उभा राहिला. तरी ती इनिंग खेळायची, कारण ती ८:५९ लाच सुरू झाली आहे. तोच आऊट ९:०१ ला झाला असता तर मॅच संपली. असं का? इनिंगची सुरुवात पहिल्या चेंडूवर धरली, तर पुढं असलेला संघ बाजू बदलताना बुटाच्या लेस बांधत बसेल. तिसऱ्या आऊटवर धरली की ती पळवाट राहत नाही. हा नियम नवख्यांना उदाहरण देऊनच सांगा.

दुसरी रीत घेतली तर अर्धवट इनिंगच्या रनांचं काय, ते आधी ठरवा. नियमपुस्तकाची पद्धत अशी: शेवटच्या पूर्ण झालेल्या इनिंगचा स्कोअर धरायचा. पण नंतर बॅटिंग करणाऱ्या संघानं अपुऱ्या इनिंगमध्ये बरोबरी केली असेल किंवा तो पुढे गेला असेल, तर आहे तो स्कोअर धरायचा. पाच इनिंग झाल्या, पाहुणे ६, यजमान ५. सहाव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात पाहुण्यांनी ४ रन काढले आणि वेळ संपली. निकाल ६–५ च राहतो, ते चार रन जातात. आता दुसरं उदाहरण. सहाव्या इनिंगमध्ये पाहुण्यांना काही मिळालं नाही, यजमानांनी एक आऊट असताना २ रन काढले आणि तिथं मॅच थांबली. यजमान ७–६ नं जिंकले. पाहुण्यांना हे ऐकायला जड जातं. म्हणून टॉसच्या वेळीच सांगा, मग कोणी म्हणणार नाही की "आमचे रन कुठी गेले?"

घड्याळ कोणाचं, हेही ठरलं पाहिजे. पंचाचा मोबाईल हेच एक घड्याळ. कप्तानाच्या मनगटावरचं किंवा प्रेक्षकातल्या भाऊचं चालणार नाही. वेळ टॉसपासून मोजायची की पहिल्या चेंडूपासून, ते बोला. मी पहिला चेंडू धरतो. पंचानं मोठ्यानं सांगावं, "सात वाजून दहा मिनिटं, मॅच सुरू", आणि स्कोअररनं तो आकडा कागदावर लिहावा. शेवटची दहा मिनिटं उरली की पुन्हा तसंच मोठ्यानं सांगावं. चेंडू तुरीत गेला की शोधण्यात वेळ जातो, म्हणून खेळायला दोन चेंडू ठेवा. कोणाला लागलं तर घड्याळ थांबवायचं, हे मी आग्रहानं सांगतो. लागलेल्या पोरीला घाई करून उठवावं लागेल, इतकी कोणतीही मॅच मोठी नसते.

बरोबरी झाली तर? आंतरराष्ट्रीय नियमांत सात इनिंगनंतर बरोबरी असली की आठव्या इनिंगपासून टायब्रेकर असतो. प्रत्येक संघ आपली बारी दुसऱ्या बेसवर एक रनर (बेसवरून पळणारा) ठेवून सुरू करतो. हा रनर मनानं निवडायचा नसतो. त्या इनिंगला जो पहिला बॅटिंगला येणार, त्याच्या लगेच आधी क्रमात ज्याचं नाव आहे तोच. गावात सगळ्यांत वेगानं पळणारा पोट्टा तिथं नेऊन उभा करतात आणि भांडण लागतं. वेळ नसेल तर बरोबरी मान्य करा, नाहीतर टायब्रेकरची एकच इनिंग खेळा. दोन्ही चालतं, आधी ठरलेलं असावं.

सामना फारच एकतर्फी झाला तर लवकर थांबवायचा नियमही घ्या. पाच इनिंगनंतर ७ रनांची आघाडी असली की सामना संपतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नंतर बॅटिंग करणारा संघ पुढे असेल तर साडेचार इनिंग पुरतात. त्याआधी किती आघाडीवर थांबायचं, ते आपसात ठरवा.

आता वेळकाढूपणा. पुढं असलेला संघ फिल्डिंगला असला की कॅचरचा (बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणाऱ्याचा) पॅड एकदम सैल होतो, पिचर चेंडू पुसत बसतो. नियम असा की चेंडू हातात आल्यावर पिचरनं २० सेकंदांत पिच, म्हणजे बॅटरकडचा चेंडू, टाकायची. नाही टाकली तर बॅटरला एक बॉल मिळतो. बॅटरनं पंचानं बोलावल्यावर १० सेकंदांत बॉक्समध्ये उभं राहायचं, नाहीतर एक स्ट्राइक, म्हणजे त्याचा एक मोका गेला; तीन गेले की सहसा आऊट. हे दोन आकडे दोन्ही संघांना सांगा आणि पहिल्या इनिंगपासून लावा. शेवटच्या दहा मिनिटांत अचानक लावले की पंचावर पक्षपाताचा आरोप येतो. मुद्दाम खेळ लांबवणाऱ्या, किंवा नवी इनिंग मिळावी म्हणून मुद्दाम आऊट होऊन खेळ उरकणाऱ्या संघाविरुद्ध सामना देऊन टाकण्याचा अधिकारही पंचाला आहे. अशा सामन्याचा स्कोअर ७–० लिहितात. मैत्रीच्या मॅचमध्ये एकदा ताकीद दिली की बहुधा काम भागतं.

दुसरं काम: मैदान फिरून बघा

दोन्ही कप्तान आणि पंच यांनी मैदानाला एक पूर्ण चक्कर मारावी. बेसचं अंतर १८.२९ मीटर, म्हणजे ६० फूट. पिचिंगचं अंतर महिलांसाठी १३.११ मीटर आणि पुरुषांसाठी १४.०२ मीटर. लहान पोरांसाठी कमी करा. चौकोन तिरपा आखला गेला की "बेस लांब हाये" ही तक्रार पूर्ण मॅचभर चालते. तपासायला सोपी युक्ती आहे: होम प्लेटच्या (बॅटर जिच्याजवळ उभा राहतो तिच्या) मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंतचं अंतर सुमारे २५.८६ मीटर भरलं पाहिजे. तेवढी दोरी कापून गाठ मारून ठेवा, दर वेळी टेप शोधायला नको.

रेषा चुन्याच्या फक्कीनं माराव्यात आणि मॅचच्या मध्यात पुन्हा माराव्यात. रेषा पुसली गेली की फेअर-फाउलचा, म्हणजे चेंडू रेषांच्या आत की बाहेर याचा, वाद सुरू होतो. स्वतः रेषा फेअरमध्येच धरतात, आणि पहिल्या किंवा तिसऱ्या बेसला लागलेला चेंडूही फेअरच.

मग अडथळे बघा. निंबाच्या फांदीला लागून पडलेला चेंडू कॅच धरायचा की नाही? मैदानात गाय शिरली तर? टप्पा पडून चेंडू धुऱ्यापलीकडे, संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीत गेला तर? या शेवटच्या प्रश्नाला पक्कं उत्तर आहे: टोलवलेला फेअर चेंडू टप्पा पडून हद्दीबाहेर गेला तर सगळ्यांना दोन बेस. फिल्डरनं फेकलेला चेंडू हद्दीबाहेर गेला तरी दोन बेस, पण ते चेंडू हातातून सुटला त्या वेळी रनर जिथं होता तिथून मोजायचे. यासाठी हद्द ठरलेली हवी. धुरा, रस्ता, शाळेची भिंत, जे असेल त्याकडे बोट दाखवून सांगा. जनावरांसाठी आणि झाडासाठी आपला स्थानिक नियम करा. मी तरी जनावर मैदानात आलं की चेंडू लगेच डेड, म्हणजे खेळ थांबलेला, धरतो. बिनकठड्याची विहीर जवळ असेल तर तिथं खेळूच नका. कॅचच्या मागं धावणाऱ्याची नजर वर असते.

पहिल्या बेसवर धडका होतात, आणि धडकेतून मारामाऱ्या. तिथं दोन बेस शेजारी-शेजारी ठेवा, एक पांढरा आतल्या बाजूला, एक नारिंगी फाउल रेषेबाहेर. मातीनं भरलेली दोन पोतीही चालतात, एकाला रंग द्या. फिल्डरनं पांढऱ्यावर पाय ठेवायचा, बॅटिंग करून पळत आलेल्यानं नारिंगीवर.

तिसरं काम: पंच आणि बोलणारा माणूस

दोन पंच असावेत, एक प्लेटमागं, एक बेसकडे. जमलं तर तिसऱ्या गावचे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेत शिकून आलेले शारीरिक शिक्षणाचे सर तालुक्यात असतील तर त्यांना विनंती करा. बहुतेक जण आनंदानं येतात. नाहीच कोणी मिळालं तर दोन्ही संघांकडून एकेक पंच घ्या आणि दर इनिंगला प्लेटमागची जागा बदला.

पंचाशी बोलायचं फक्त कप्तानानं. "सर, वेळ मागतो" म्हणायचं, पंचानं हात वर करून खेळ थांबवला की पुढं जायचं. बेंचवरून ओरडणाऱ्यांना आवरायची जबाबदारीही कप्तानाचीच. पंच तुमचेच काका असले तरी मैदानावर ते "सर".

वाद उठला तर आधी एक प्रश्न विचारा

पंचाच्या नजरेबद्दल तक्रार आहे की नियमाबद्दल? पूर्ण खेळात हा फरक समजलेला कप्तान संघाला सगळ्यांत उपयोगी पडतो.

चेंडू स्ट्राइक होता की बॉल, फेअर की फाउल, रनर सेफ की आऊट, हे पंचाच्या नजरेचे निर्णय आहेत. त्यांवर प्रोटेस्ट, म्हणजे रीतसर तक्रार, होत नाही. मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवूनही होत नाही. फार तर कप्तान नम्रपणे म्हणू शकतो, "सर, मधात फिल्डर आला होता, दुसऱ्या सरांना एकदा विचारता का?" पंचाला वाटलं तर विचारतील. विषय संपला.

नियम चुकीचा लावला गेला तर गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ, चेंडू हद्दीबाहेर फेकला गेला आणि पंचानं एकच बेस दिला. इथं पंचानं काय पाहिलं यावर वाद नाही, दोनच्या जागी एक दिला यावर आहे. इथं प्रोटेस्ट करता येतो, पण पुढची पिच पडण्याआधी. एकदा पिच पडली की तो हक्क गेला. मॅचच्या शेवटच्या खेळीवर वाद असेल तर इनफिल्डर (बेसच्या चौकोनाजवळचे फिल्डर) मैदान सोडून जाण्याआधी बोललं पाहिजे. अपात्र खेळाडूबद्दलची तक्रार मात्र नंतरही करता येते, म्हणून बाहेरगावचा पाहुणा खेळवायचा असेल तर टॉसच्या वेळीच सांगून टाका.

प्रोटेस्ट सांगितला की स्कोअररनं लगेच लिहावं: कोणती इनिंग, किती आऊट, कोणत्या बेसवर कोण, बॅटर कोण, त्याचे बॉल-स्ट्राइक किती, घड्याळात किती वाजले. हे लिहिलेलं नसेल तर प्रोटेस्ट मान्य होऊनही उपयोग नाही. कारण मान्य झाला की चूक झाली त्या जागेपासून सामना पुन्हा खेळायचा असतो.

नियमपुस्तक आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. मैदानावर नेटवर्क असेलच असं नाही. नियम शोधायला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. सापडला नाही तर पंच जे म्हणतील ते धरून पुढं चला, प्रोटेस्ट कागदावर राहू द्या. आणि या मिनिटांपुरतं घड्याळ थांबवा. नाहीतर पुढं असलेला संघ शेवटी-शेवटी दर चेंडूला नियम विचारू लागतो.

नवख्यांचे नेहमीचे वाद

इनफिल्ड फ्लायवर सगळ्यांत जास्त आवाज होतो. "कॅच तं सुटला, मंग आऊट काहून?" हे वाक्य मी अनेक मैदानांवर ऐकलं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, किंवा तिन्ही बेस भरले आहेत, आणि दोनपेक्षा कमी आऊट आहेत. अशा वेळी इनफिल्डरला सहज घेता येईल असा उंच फेअर चेंडू उडाला, की पंच लगेच "इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट" असं पुकारतात. मग कॅच सुटला तरी बॅटर आऊटच. हा नियम बॅटिंग करणाऱ्यांच्याच भल्याचा आहे. तो नसता तर फिल्डरनं चेंडू मुद्दाम सोडला असता, बेसला चिकटून उभ्या रनरांना पळावं लागलं असतं आणि एका चेंडूत दोन आऊट गेले असते. पुकारल्यावरही चेंडू जिवंत असतो. रनर आपल्या जोखमीवर पळू शकतात, पण पळायची सक्ती राहत नाही. बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू) या नियमात येत नाही, आणि सरळ सुसाट गेलेला लाइन ड्राइव्हही नाही.

बॅटिंगचा क्रम चुकला तर काय, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चुकीचा बॅटर उभा असतानाच लक्षात आलं तर योग्य बॅटर येतो आणि जितके बॉल-स्ट्राइक झाले असतील तिथून पुढं खेळतो. चुकीच्या बॅटरची बारी संपली आणि पुढची पिच पडण्याआधी फिल्डिंग संघानं दाखवून दिलं, तर ज्याची बारी होती तो आऊट. चुकीच्या बॅटरच्या खेळीमुळं मिळालेले बेस आणि रन रद्द. पुढची पिच पडली तर झालं ते कायम. म्हणून दोन्ही संघांचा क्रम स्कोअररकडे लिहून द्या, आणि चूक दिसली तर आपल्या कप्तानालाच सांगा.

क्रिकेटमधून आलेल्या खेळाडूंच्या तीन सवयी सोडवाव्या लागतात. एक, चेंडू पडण्याआधीच बेस सोडून पुढं सरकणं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसवरच हवा. आधी सोडला तर रनर आऊट आणि चेंडू डेड. दोन, बॅट घेऊन पळणं. बॅट बाजूला टाकायची, फेकायची नाही. तीन, पहिल्या बेसवर थबकणं. बेस ओलांडून सरळ पुढं पळत गेलं तरी चालतं, लगेच परत यायचं. परतताना डावीकडं वळलं म्हणून कोणी आऊट होत नाही. दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला आणि चेंडूनं टॅग झाला (चेंडू धरलेल्या फिल्डरनं त्याला शिवलं), तरच आऊट.

तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटली तर पहिला बेस रिकामा असताना, किंवा दोन आऊट झालेले असताना, बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. पहिल्यावर रनर असेल आणि आऊट दोनपेक्षा कमी असतील तर तो आऊटच. हे कॅचर ताईला नीट माहीत असलं पाहिजे, कारण पळणाऱ्याला टॅग करायचं की चेंडू पहिल्याकडे फेकायचा, हे तिलाच ठरवायचं असतं.

मॅच अर्ध्यात थांबली तर

पावसाळ्यात आपली काळी माती एका सरीत चिकट होते, बुटाला गोळे लागतात आणि पळणारा घसरतो. अशा वेळी पंचानं खेळ बंद करावा, कोणीही हट्ट धरू नये. नियमाप्रमाणं पाच इनिंग पूर्ण झाल्या असतील तर सामना झाला असं धरतात. नंतर बॅटिंग करणारा संघ पुढं असेल तर साडेचार पुरतात. तुमची मॅच वेळेची असेल तर ही संख्या तीन किंवा चार ठेवा, पण आधी ठेवा. त्याहून कमी झालं असेल तर सामना जिथं थांबला तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढं खेळायचा. स्कोअररनं प्रोटेस्टच्या वेळी लिहितो तेच सगळं लिहावं, घड्याळात किती मिनिटं शिल्लक होती तेही, आणि खाली दोन्ही कप्तानांच्या सह्या घ्याव्यात. त्या कागदाचा फोटो दोन्ही संघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिथंच, मैदान सोडण्याआधी टाका.